आनंदीबाईंची बारी

माझ्या सदराचा सर्वांत जास्त फायदा कोणाला झाला असेल, तर तो शाली विकणाऱ्यांना. हे मी रागाने लिहितेय आणि राग लपवायचा माझा अजिबात विचार नाही.

मी विमला. जामसंड्यात छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात स्वस्थ बसवेना, म्हणून एका स्थानिक साप्ताहिकात सदर लिहायला घेतलं. दर आठवड्याला जिल्ह्यातल्या एका जुन्या कलाकाराची ओळख करून द्यायची. कलाकार असा, की ज्याला आता कोणी बोलवत नाही, पण ज्याला ऐकल्याशिवाय मरू नये. क्लॅरिनेटवाले गुरुदास मास्तर मी लिहिले. त्यांचा बँड वरातीपुढे असला की नवरदेवाकडे कोणी बघत नसे. मग खाडीपलीकडचे एक पखवाजवाले लिहिले, गोव्याकडून शिकून आलेले एक व्हायोलिनवाले लिहिले. प्रत्येकाचा पत्ता द्यायचे, फोन द्यायचे आणि शेवटी लिहायचे, 'जा आणि ऐका.'

लोक जायचे. शाल, नारळ आणि फ्रेम केलेलं मानपत्र घेऊन जायचे, फोटो काढायचे आणि परत यायचे. ऐकायचं कोणाच्या डोक्यातच येत नसे. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला मान द्यायचा म्हणजे त्याला खुर्चीत बसवायचं आणि त्याच्याबद्दल आपण बोलायचं, एवढंच लोकांना ठाऊक.

दाजींचं तर मला अजून सोसवत नाही. दाजी दशावतारात पेटी वाजवायचे. राजा चिडला की त्यांची पेटी चिडायची, संकासुर आला की पोरं आयांच्या मांडीत शिरायची. माझा लेख आल्यावर त्यांचा सत्कार ठरला. दाजी सत्काराला पेटी घेऊन आले होते, धुतलेल्या धोतरात नीट बांधून. पाच जणांनी दीड तास भाषणं ठोकली. दाजींच्या पेटीची गाठ काही सुटली नाही. त्याच पावसाळ्यात दाजी गेले. घरी जमलेली माणसं म्हणत होती, मोठो कलाकार गेलो. तुमच्यापैकी कोणी त्यांना शेवटचं कधी ऐकलंत, असं मी विचारलं, तर सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली.

म्हणून आनंदीबाईंच्या वेळी मी ठरवलं होतं, की काही झालं तरी ह्यांना शालीत गुंडाळू द्यायचं नाही.

आनंदीबाई आरोंद्याच्या. वय चौऱ्याहत्तर. त्यांचं नाव मला एका जुन्या कॅसेटवर सापडलं, तेही निम्मं पुसलेलं. ती कॅसेट ऐकली आणि दुसऱ्याच दिवशी दोन एस.ट्या बदलून मी आरोंदा गाठलं. बाई परसात चवळीच्या शेंगा सोलत होत्या. मी आल्याचं कारण सांगितल्यावर त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि स्वयंपाकघरातून पेटी आणली. काही न विचारता त्यांनी गायला सुरुवात केली. पट्टी आता उतरली होती, दमही मध्येच संपत होता. पण जिथे दम संपे तिथे त्या अशा काही थांबत, की वाटावं थांबायची जागा हीच. मला रडू आलं आणि त्याची मला लाज वाटली नाही.

मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. तरुणपणी त्यांचं बायकांचं भजनी मंडळ होतं आणि आनंदीबाई त्याच्या बुवा, म्हणजे मुख्य गाणाऱ्या, होत्या. चौऱ्याऐंशी साली एका जत्रेत त्यांची डबलबारी लागली, समोर पुरुषांचं नावाजलेलं मंडळ. डबलबारी म्हणजे समोरासमोर दोन बुवा, दोन पेट्या आणि आळीपाळीने गाणं; ज्याची पाळी त्याची बारी. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. सवाल माइकवर पडला, की जवाब दिल्याशिवाय किंवा येत नाही असं कबूल केल्याशिवाय समोरच्याला पुढे गाता येत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याला पुन्हा कोणी बोलवत नाही. आनंदीबाईंनी रामाच्या सेतूवरचा एक सवाल टाकला. समोरच्या बुवांनी जवाब दिला नाही आणि हारही कबूल केली नाही. बाईमाणसाच्या सवालाला मी जवाब देत नसतो म्हणाले, पेटी मिटली आणि उठून गेले.

नियम मोडला त्यांनी. पण पुढे बोलावणं बंद झालं ते आनंदीबाईंना. बायकांसमोर बसायला कोणतंच मंडळ तयार होईना, आणि समोर कोणी नसेल तर डबलबारी होत नाही. एकेक करून मंडळातल्या बायका सुना-नातवंडांत गेल्या.

"माका शाल नको, बाईनू," आनंदीबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर कोण तरी बसाक व्हयो. जवाब देवंदे, नायतर येणा नाय म्हणून सांगांदे. पण उठान जावचो नाय असो."

मी तसंच्या तसं सदरात लिहिलं. यावेळी पत्ता दिला नाही, फोनही दिला नाही. फक्त लिहिलं, की जे आनंदीबाईंना बारी देतील त्यांनीच माझ्याशी संपर्क साधावा, बाकीच्यांनी तसदी घेऊ नये.

चार दिवसांनी भाईंचा फोन आला. भाई म्हणजे बाजारातले पाइप-मोटारवाले. आमच्या उत्सव समितीचे अध्यक्ष तेच. माणूस वाईट नाही, पण समोरच्याचं अर्धं वाक्य ऐकून कामाला लागणारा. म्हणाले, तुमचा लेख वाचून अंगावर काटा आला, उत्सवात सिद्धेशबुवा आणि विराजबुवांची डबलबारी ठेवली आहे, त्यातच आनंदीबाईंचं करून टाकू. मी तीनदा विचारलं, करून टाकू म्हणजे काय, गायला मिळणार ना? ते तीनदा म्हणाले, बाई, तुम्ही निर्धास्त असा. छत्तीस वर्षं मुलांच्या थापा पकडणारी मी, भाईंच्या शब्दावर निर्धास्त राहिले.

उत्सवाच्या दिवशी आनंदीबाई नातवाच्या गाडीतून आल्या, पेटी घेऊन. नऊवारी नेसलेल्या, केसात अबोली. मंडपाच्या दाराशी कार्यक्रमपत्रिका लावली होती. सायंकाळी सात वाजता डबलबारी. त्याआधी, पावणेसात वाजता, ज्येष्ठ कलावती श्रीमती आनंदीबाई यांचा सत्कार. मानपत्रवाचन, श्रीमती विमलाबाई. गाण्याचं नावही नव्हतं.

मी भाईंना मंडपामागे गाठलं आणि बरंच काही ऐकवलं. भाई गोंधळले, त्यांना खरोखरच आपलं काय चुकलं ते कळत नव्हतं. म्हणाले, भारीतली शाल आणली आहे बाई, पैठणीच्या काठाची. पुढे म्हणाले, या वयात त्यांना गायचा त्रास कशाला द्यायचा, लोक आलेत ते सिद्धेशबुवांसाठी. तोंडात आलेले शब्द मी गिळले, कारण मागे आनंदीबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी त्यांना म्हटलं, चला परत, आपला अपमान करून घ्यायला आपण आलो नाही. त्यांनी मान हलवली. मानपत्र वाचून झाल्यावर काय असतं, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एरवी सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतात, पण इथे तेही ठेवलेलं नाही.

"तू ठेव गो," त्या म्हणाल्या.

पावणेसातला मंडप गच्च भरला होता. स्टेजवर दोन्ही मंडळं आपापल्या जागी बसलेली. डावीकडे सिद्धेशबुवा, जेमतेम तिशीचा, मोबाइलवर ज्याची भजनं घरोघर वाजतात तो. उजवीकडे विराजबुवा. मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत आनंदीबाई, अंगावर ती पैठणी काठाची शाल. दोन्ही बुवा त्यांच्या पाया पडले होते. भाईंनी माझ्या हातात मानपत्र दिलं. चांगलं पानभर होतं. त्यात 'स्वरांची सम्राज्ञी' होतं, 'गानतपस्विनी' होतं आणि त्यांनी काय गायलं याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी ते वाचलंच नाही. घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि माइकवर सांगितलं, "आनंदीबाई आता आपलं मनोगत व्यक्त करतील." भाई खालून हाताने नाही-नाही करत होते. मी छताकडे बघितलं.

आनंदीबाईंनी बसल्या जागीच माइक हातात घेतला. लोकांना वाटलं आता आभार मानतील. त्यांनी सिद्धेशबुवाकडे मान वळवली आणि गायल्या,

"दगड तरले, वानर तरले, तरली सारी सेना,
जिच्यासाठी सेतू बांधला, ती का त्यावरुनी ये ना?"

मंडपात बसलेली सगळी भजनाचे कान असलेली माणसं, त्यांना कळायला वेळ लागला नाही. माइकवर सवाल पडला होता, आणि तो सिद्धेशबुवाच्या नावाने पडला होता. आता जवाब दिल्याशिवाय तो आपली बारी सुरू करू शकत नव्हता.

भाई धावत स्टेजवर आले. वेळ झाली, कार्यक्रम सुरू करूया, असं काहीतरी ते सिद्धेशबुवाला सांगू लागले. मागच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, जवाब व्हयो. मग बायकांच्या बाजूने आवाज आला, मग सगळीकडून. भाई तिथेच थांबले. सिद्धेशबुवाने पेटीवर सूर धरला आणि सरळ उत्तर दिलं, की सीतामाई पुष्पक विमानातून आली, म्हणून सेतूवरून आली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, संपलं.

"कशातसून इली ता माका ठावक आसा," आनंदीबाई माइकवर म्हणाल्या. "कित्याक चलान इली नाय, ता सांग."

सिद्धेशबुवाची बोटं पेटीवर थांबली. मंडपातली गर्दी आता त्याच्याकडे बघत होती आणि मला त्याची थोडी दया आली, पण थोडीच. त्याच्यापुढे एक सोपी वाट होती. आजी थकल्या आहेत, त्यांना नमस्कार करूया, असं म्हणून तो पुढे जाऊ शकला असता. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या असत्या.

"माका आता सुचणा नाय," तो म्हणाला. "माका येळ देवा. तवसर बारी तुमची."

विराजबुवा उठला. आपल्या पेटीसमोरची जागा त्याने मोकळी केली आणि आनंदीबाईंना हात दिला. गाडीतली त्यांची पेटी आणायला मी निघाले होते, पण त्यांनी खुणेनेच नको म्हटलं. शाल काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली, मांडी घातली, विराजबुवाचा पखवाजवाला आपला म्हणून घेतला आणि गायल्या.

पाऊण तास गायल्या. सगळंच चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. एका ठिकाणी वरचा स्वर लागलाच नाही. त्यांनी तो दुसऱ्यांदा घेऊन बघितला, पुन्हा लागला नाही, तेव्हा पखवाजवाल्याकडे बघून हसल्या आणि खालून गेल्या. पुढची पोरं, जी सिद्धेशबुवाचे व्हिडिओ काढायला आली होती, ती मोबाइल खाली ठेवून ताल धरायला लागली होती. भाई पहिली दहा मिनिटं घड्याळ बघत होते. नंतर ते स्टेजच्या पायरीवरच बसले आणि त्यांच्या हातातल्या झांजा कोणाच्या ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटचा गजर संपला. आनंदीबाईंनी घाम पुसला आणि समोर बघितलं. सिद्धेशबुवा उठून गेला नव्हता. पाऊण तास तो तिथेच, त्यांच्यासमोर मांडी घालून बसला होता. त्याने पेटी उघडली, आणि एरवी ज्या जोशात तो सुरू करतो तसं न करता, हळूच गायला,

"सेतू झाला, लंका पडली, विमान आले दारी,
चालत येशिल का गे माये, पुसले ना कुणी तरी."

कोणी लगेच टाळी वाजवली नाही. भाईंनी पायरीवर बसल्या बसल्या मान खाली घातली. माझ्या शेजारच्या बाईने डोळ्याला पदर लावला, आणि मी तर काय, उघडच रडत होते.

आनंदीबाई रडल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटून तो जवाब मनात पुन्हा एकदा म्हणून बघितला, असं ओठांवरून दिसत होतं. मग माइक जवळ ओढला.

"जवाब मिळालो," त्या म्हणाल्या. "एकेचाळीस वर्सा लागली. आता दुसरो घे."