लेबल गेलेला डबा

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. प्लास्टिकचा, रुंद तोंडाचा. हल्ली माझ्या पोटात मीठ असतं आणि मुक्काम स्वयंपाकघरातल्या फळीवर. बोलायचाही कंटाळा येतो, पण हे सांगायला हवं.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यात प्रोटीन पावडर भरली त्या सकाळी यंत्र धुवायचं कोणाच्या तरी जिवावर आलं होतं. आदल्या दिवशी त्यातून दुसरीच पावडर गेली होती, खेळाडूंना बंदी असलेली. तिचे चार कण माझ्यात आले. वर मात्र झोकात लेबल लागलं: शंभर टक्के शुद्ध.

मला विकत घेतलं एका धावणाऱ्या मुलीनं. बिचारीनं लेबल तीनदा वाचलं. जे त्यावर नव्हतंच, ते ती कसं वाचणार? सरावानंतर ती माझ्यातली चमचाभर पावडर दुधात ढवळायची. "याच्यामुळे पाय हलके झालेत," असं मैत्रिणींना सांगायची, आणि मी खुळा फुगून जायचो. खरं श्रेय तिच्या मेहनतीचं होतं.

मी रिकामा झालो त्याच आठवड्यात निवड स्पर्धेत ती पहिली आली. तिथेच तिची तपासणी झाली. काही दिवसांनी पत्र आलं, नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडल्याचं. घरात कोणाला सांगायच्या आत तिचे प्रशिक्षक धावत आले.

"रडू नकोस. आधी पावडरचा डबा आण. लेबलवरचा बॅच नंबर मिळाला, की त्याच बॅचचा सीलबंद डबा तपासून घेऊ. सुटशील तू."

आईनंच मला आणलं. लख्ख घासलेला.

"कागद मेला निघता निघत नव्हता," ती कौतुकानं म्हणाली. "दोन दिवस गरम पाण्यात ठेवला, तेव्हा कुठे सुटला." मग तिनं लेकीचा चेहरा पाहिला. "का गं? काय झालं?"

प्रशिक्षकांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. नंबर कुठेच उरला नव्हता. एवढं रुंद तोंड असून मलाही तो सांगता येईना.

बंदी दोन वर्षांची झाली. मुलगी आईला एका शब्दानं बोलली नाही, आणि आईला तेच जास्त लागलं.

मित्रांनो, आमच्या अंगावरच्या अक्षरांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. डॉक्टरांना विचारा. नीट जेवून भागत असेल, तर आम्हाला घरात आणूच नका. आणलंत, तर तळाशी थोडी पावडर राहू द्या आणि लेबल जपा.

आता आई कुठल्याच डब्याचा कागद काढत नाही. काल मुलगी म्हणाली, "आई, बिस्किटांच्या डब्याचा तरी काढ गं."

"राहू दे," आई म्हणाली. "कधी लागला तर?"

फळीवर सगळे डबे कागदासकट उभे आहेत. मी तेवढा उघडा. मीठ काढताना आई अजून माझ्याकडे बघत नाही.