अर्ध्या पूजेतून दवाखान्यात

"बाळ हलत नाही असं वाटलं की थांबायचं नाही. आधी माणसाला सांगायचं, मग देवाला." डॉक्टरीणबाईंचे हे शब्द मनात ठेवूनच मी रोज सकाळी इष्टलिंग तळहातावर घेते. पूजा संपेपर्यंत माझं मौन असतं. गेल्या खेपेला आठव्या महिन्यात बाळ दोन दिवस गप्प होतं आणि मीही. ते गेलं. आताही आठवाच महिना.

सोमवारी पूजा निम्मी झाली आणि ध्यानात आलं, आज पोटात काहीच हललं नाही. डाव्या तळहातावर लिंग, वर बेलाचं पान. देवाची मनातच क्षमा मागितली आणि बोलले, "अव्वा, बाळ हलंना!"

अव्वांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हातून परात पडली. "सोमेश, रिक्षा काढ!"

पूजा मोडायची नव्हती, म्हणून देव मुठीतच राहिला. अव्वांचे हात पिठाचे, रिक्षा चालवणाऱ्या यांच्या एका गालाला दाढीचा साबण. नळदुर्गच्या हायवेवर ट्रकवाले वळून बघायले. पहिल्या गतिरोधकाला आतून लाथ बसली. दुसऱ्याला दोन. मला हसू फुटलं, आवरेचना.

"काय झालं गं?" अव्वा रडवेल्या.

"नाचायलंय!"

"मग वळवू का माघारी?" यांनी विचारलं.

"वळवून तर बघ! तपासल्याबिगर न्हाय," अव्वा गरजल्या.

दवाखान्यात सिस्टर म्हणाली, "मूठ उघडा, बोटाला क्लिप लावायचीय."

"या हातात देव आहे."

"मग दुसरा द्या. देवाची नाडी नंतर बघू!"

पोटाला पट्टा बांधला आणि खोलीभर धडधड सुरू झाली.

"आगं बया, मळणीयंत्रच की!" अव्वा म्हणाल्या. आम्ही सगळेच हसत सुटलो. हसता हसता मला रडू आलं.

"बाई, याला माझं म्हणायचीसुद्धा भीती वाटते हो."

"आलात ते बरोबर केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गुरुवारी समुपदेशनाच्या ताई असतात. त्यांच्याशी बोलाल?"

मी मान डोलावली. तेवढ्यात अव्वा एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "पुरायच्या आधी त्या लेकराला म्याच न्हाऊ घातलं होतं. मला कुणी इचारलंच न्हाय. म्या बी यीन गुरुवारी."

उरलेली पूजा मी तिथंच कॉटवर बसून केली. लाथा चालूच होत्या.

गुरुवारी आवरून बाहेर आले, तर घरात अव्वा नव्हत्या. दारातून पाहिलं, एरवी गल्ली जागी करणाऱ्या माझ्या सासूबाई धुतलेलं इरकल नेसून, कुणाला हाक न मारता, दवाखान्याच्या वाटेला लागल्या होत्या.