करंगळीची जागा

"मूठ फिरते हो हातात," असं म्हणत वेशीवरच्या पहाऱ्यातल्या वोल्टरने तलवार बाकावर ठेवली. "उद्या वेशीवर कप्तान प्रत्येकाला तलवार चालवून दाखवायला लावणार. सुटली की माझी रवानगी तबेल्यात."

आमच्या झोलिंगेन गावात तलवारीची पाती सगळ्यांचीच चांगली असतात. आमच्याकडे माणूस येतो तो मुठीसाठी. गिऱ्हाईक मेणाचा कोमट गोळा आवळून जातं. त्यावरून मी लाकडी मूठ तासते, बोटांच्या मध्ये दोरीचे उंचवटे देते आणि वर चामडं चढवते. खालचा लोखंडी लट्टू माझा नवरा टिलमान बसवतो. त्याने पात्याचं वजन तोललं जातं, हातही निसटत नाही. मूठ पसंत पडली की मगच तो ठोकून पक्का करायचा.

"आधी हातमोजा काढ की," मी म्हणाले.

वोल्टर काढेना. मेणही त्याने आमच्याकडे पाठ करूनच आवळलं होतं. पोरगा लाजाळू आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

"काकू, कुणाला सांगू नका," असं म्हणत शेवटी त्याने मोजा काढला. मोज्याची करंगळी लोकर भरून ताठ केलेली होती. हाताला करंगळीच नव्हती. "वेशीच्या दारात चिरडून गेली. कप्तानाला कळलं तर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेणावर तीनच बोटांच्या खुणा होत्या. चौथं नीट आवळलं नसेल, अशा शहाणपणाने मी त्याची जागा माझ्या मनानेच वाढवली होती.

"घ्या," टिलमान म्हणाला. "देवाने नेलेलं बोट आमच्या बाईसाहेबांनी परत आणलं."

आधी वोल्टरच हसला. मग मलाही आवरेना.

संध्याकाळपर्यंत मी मूठ बोटभर आखूड केली. उरलेली जागा भरायला टिलमानने गोल लट्टू काढून नासपतीसारखा लांबट लट्टू घातला. आता तळव्याची कड त्यावर अलगद टेकत होती. वोल्टरने तलवार सपकन फिरवली, पुन्हा फिरवली, आणि आमची मांजर फडताळावर जाऊन बसली.

"ठोका, काका," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वेशीवरून गेले. तो रांगेत उभा होता, आणि मुठीवर तीन उघडी बोटं सगळ्यांना दिसत होती. मला पाहून त्याने ती जरा वर उचलली.

मोजा आमच्याकडेच राहिला. न्यायला तो कधी आला नाही. मोज्याच्या करंगळीत मी आता सुया खोचून ठेवते.