खोडताना एकच रेघ

योगिनी शेवाळेने पहिल्या भेटीत जे शिकवलं, त्यापायी भाग्यश्रीची भुवई फुटली. असं तिला कुणी बोलून दाखवलं नाही, पण तिला ते ठाऊक होतं.

कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळाने त्या वर्षी मार्गदर्शनाची योजना काढली होती. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या प्रत्येकाला नोकरीत मुरलेला एक माजी विद्यार्थी जोडून द्यायचा आणि त्याने सहा महिने बोट धरून चालवायचं. योगिनी नाशिकच्या अंबडमधल्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागाची प्रमुख होती. तिच्या वाट्याला देवळ्याची भाग्यश्री आहेर आली. उंच, हडकुळी, प्रश्न विचारायच्या आधी तो मनात दोनदा घोळवणारी. बायोडेटा कसा लिहायचा, मुलाखतीत काय बोलायचं, अशी यादीच ती घेऊन आली होती. योगिनीने ती यादी बाजूला ठेवली.

"ते येईल तुला. आधी हे शीक. जे दिसलं ते, दिसलं तेव्हाच, पेनाने लिहायचं. चुकलं तर व्हाइटनर नाही, गिरवागिरवी नाही. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. आणि खाली तपासणाऱ्याची सही, वेळ पाहून. आपल्या कामात माणसाची अब्रू एवढीच."

"आणि कुणी दुसराच आकडा लिही म्हणालं तर?"

"तर म्हणायचं, तुम्हीच लिहा आणि सही करा. बघ किती जण करतात."

भाग्यश्री हसली. तेव्हा ते दोघींनाही सोपं वाटलं.

पुढे योगिनीने शब्द टाकला आणि तिला आपल्याच कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलं. तिथे उत्पादनाचा प्रमुख अमोल खैरनार होता. योगिनीच्याच वर्गातला, शिवाय मंडळाचा उपाध्यक्ष. योजनेच्या उद्घाटनाला "पोरांनो, घाबरू नका, आम्ही आहोत" असं भाषण त्यानेच ठोकलं होतं. कारखान्यात त्याचा लौकिक वेगळा होता. चिडला की कामगाराच्या कानाखाली वाजवायचा आणि संध्याकाळी त्यालाच मिसळ खाऊ घालायचा. साहेब गरम आहेत, पण मनाने चांगले, असं लोक म्हणायचे. पंधरा वर्षं योगिनीही तेच म्हणत आली होती. गेल्या वर्षी त्याने गोटीराम ऑपरेटरला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली, तेव्हा ती तीन हातांवर उभी होती. तिने हातातल्या कागदावरून मान वर केली नव्हती.

त्या मंगळवारी दुपारी रिअ‍ॅक्टरमध्ये एक झोंबरं रसायन थेंबाथेंबाने सोडायचं काम चालू होतं. आतलं तापमान पंचेचाळीस अंशांच्या वर जाता कामा नये, आणि थंड पाण्याचा पंप तर सकाळपासून कुरकुरत होता. अमोलला बॅच शिफ्ट संपायच्या आत उरकायची होती. दर दहा मिनिटांनी तापमान लिहायचं काम भाग्यश्रीकडे होतं. तिने सेहेचाळीस लिहिले, मग एकोणपन्नास, मग बावन्न.

योगिनी नमुना घ्यायला लोखंडी जिना चढत होती. हातात नमुना काढायची स्टीलची दांडी, दीड हात लांब. वरून आवाज आले.

"चव्वेचाळीस लिही."

"सर, बावन्न आहे. रसायनाचा व्हॉल्व्ह बंद करायला हवा."

"तू मला शिकवणार? कालची पोरगी! चव्वेचाळीस लिही म्हणतो ना!"

"तुम्हीच लिहा, सर. आणि सही करा."

योगिनीचा पाय पायरीवरच थांबला. ते तिचं वाक्य होतं.

थपडेचा आवाज झाला आणि पाठोपाठ पिवळं हेल्मेट कठड्यावरून घरंगळत तिच्या डोळ्यांसमोरून खाली गेलं. ती वर पोचली तेव्हा भाग्यश्री एका हाताने गाल धरून दुसऱ्या हाताने व्हॉल्व्हचं चाक फिरवत होती. ते पुरतं बंद झालं आणि अमोलने तिची वेणी धरली. मनगटाला एक वेढा देऊन त्याने तिला मागे खेचलं आणि तिचं डोकं कठड्याच्या पाइपावर आपटलं. पुन्हा आपटलं. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं, हनुवटीवरून जाळीच्या जमिनीवर पडलं आणि जाळीतून खालच्या मजल्यावर ठिबकू लागलं. गोटीराम भिंतीला पाठ लावून उभा होता.

"अमोल, सोड तिला!"

"तू खाली जा. हा माझा मजला आहे." त्याने कोपराने योगिनीला असं ढकललं की तिची पाठ जिन्याच्या खांबावर आदळली. मग त्याने डाव्या हाताने भाग्यश्रीचा गळा धरला, तिला पाइपाशी दाबून ठेवलं आणि उजवा हात व्हॉल्व्हकडे नेला. भाग्यश्रीच्या टाचा जाळीवर घासत होत्या. तोंडातून आवाज येत नव्हता.

योगिनीने दांडी उचलली आणि त्याच्या उजव्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज तिला पंपाच्या आवाजातही ऐकू आला. त्याचे दोन्ही हात सुटले. भाग्यश्री खाली कोसळली आणि खोकत श्वास ओढू लागली.

तिथे थांबता आलं असतं. अमोल गुडघ्यांवर बसून मनगट छातीशी धरून कळवळत होता. योगिनीने दुसरा घाव त्याच्या खांद्यावर घातला. तो आडवा झाला आणि चांगला हात तोंडासमोर धरून "योगिनी, बास, बास" म्हणाला. तिसरा घाव तिने त्या हातावर घातला. तो घालताना तिला फार हलकं वाटलं. मग गोटीरामने मागून येऊन तिच्या हातातली दांडी काढून घेतली.

तापमान सत्तावन्नवर थांबलं आणि हळूहळू उतरू लागलं.

अमोलचं मनगट मोडलं होतं, खांद्याजवळचं हाड चिरलं होतं. भाग्यश्रीच्या भुवईला सात टाके पडले आणि गळ्यावर चार बोटांचे वळ उठले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मंडळाच्या अध्यक्ष मोहिनी मॅडम आल्या. योगिनी आणि अमोल दोघांच्याही प्राध्यापिका, विभागप्रमुख. एकच रेघ मारायची हे योगिनीला शिकवणाऱ्या. त्यांनी योगिनीला व्हरांड्यात घेतलं.

"अमोल पोलिसांत जाणार नाही. तुम्ही तिघं जिन्यावरून घसरलात, एवढंच लिहायचं."

"तिघं? एकाच वेळी?"

"चेष्टा नको, योगिनी. मुलीला सर्टिफिकेट मिळेल. पुढच्या महिन्यात मुलाखती आहेत, शिफारस मी देते. नाहीतर तो लिहून देणार आहे की तिने परवानगी नसताना व्हॉल्व्हला हात लावून बॅच घालवली. मग नाशकात तिला कोण दारात उभं करेल?"

"गोटीराम होता तिथे."

"त्याने काही पाहिलं नाही म्हणे."

"गेल्या वर्षी त्याला मारलं, तेव्हा मीही काही पाहिलं नव्हतं, मॅडम."

मोहिनी मॅडमनी पर्स उघडली, रुमाल काढला आणि न वापरता परत ठेवला. "दवाखान्याने पोलिसांना कळवलंय, पाच वाजता हवालदार जबाब न्यायला येतील. विचार कर. नोकरी तुलाही आहे."

योगिनी वॉर्डात आली. भाग्यश्रीची आई गोजराबाई पायथ्याशी स्टुलावर बसली होती. तिने विचारलं, "ताई, त्यो मानूस लय मोठा हाय म्हंत्यात. पोरीचं शिक्षान वाया जाईल का?"

"नाही जाणार," योगिनी म्हणाली, आणि मांडीवर फाइल ठेवून लिहायला बसली. जबाब तिने रोजच्या नोंदीसारखाच मांडला. डावीकडे वेळ, उजवीकडे घटना. बावन्न अंश. थप्पड. वेणी. कठडा, दोन वेळा. गळा. शेवटी तिने लिहिलं, 'मी नमुन्याच्या दांडीने अमोल खैरनार यांना एकदा मारले.' लिहिताना पेन कुठे अडलं नाही. एक घाव कुणालाही समजला असता.

तिने कागद भाग्यश्रीला वाचायला दिला. भाग्यश्रीचा एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्याने ती एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली आणि शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"मॅडम, एकदा नाही."

योगिनीने पेनाला टोपण लावलं.

"तीन. मी मोजले. खाली पडले होते तरी मोजले."

"दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी तो जमिनीवर होता, भाग्यश्री. तसं लिहिलं तर माझ्यावर गुन्हा दाखल होईल. नोकरी जाईल."

"हो." भाग्यश्रीने आवंढा गिळला. गळा दुखला असावा, तिने डोळा मिटून घेतला. "पण त्यांच्या अंगावर तीन खुणा आहेत. डॉक्टरांनी लिहिल्या असतील. तुमचं 'एकदा' खोटं निघालं, की ते म्हणतील माझं 'बावन्न'पण खोटं. मग माझ्याकडे काय राहिलं?"

गोजराबाईने दोघींकडे पाहिलं. तिला आकडे कळले नाहीत, पण पोरीने मॅडमला चुकीचं काहीतरी सांगितलं असं वाटून ती घाबरली. "गप गं. मॅडमला कळत नाय व्हय?"

"कळतं तिला," योगिनी म्हणाली. "माझ्यापेक्षा जास्त."

तिने फाइल परत घेतली. तिने 'एकदा' या शब्दावर एक आडवी रेघ मारली. खालचा शब्द वाचता येत होता. शेजारी लिहिलं, 'तीनदा. दुसऱ्या व तिसऱ्या वेळी ते जमिनीवर होते.' सही केली, तारीख घातली.

भाग्यश्रीने सलाइनची सुई सांभाळत हात पुढे केला. "तपासणाऱ्याची सही राहिलीये."

योगिनीने तिला पेन दिलं. पोरीने भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली, वेळ नीट पाहिली, आणि मगच सही केली. चार वाजून बावीस मिनिटं झाली होती.