मोहफुलांनं खाल्लेलं बोनट

जंगलाकडचा पोट्टा लिहून राह्यला म्हनल्यावर तुम्ही वाघाची वाट पाहून राह्यले असान. वाघ नाई येनार. आलापल्लीच्या घराच्या आंगनात एक जुनी लाल गाडी येईन, अन् तिच्या बोनटावर वाकलेली माही आत्या. ओल्या पॉलिश पेपरचा आवाज तेवढा ऐका. चैताच्या सकाळी, ऊन अजून कौलावरून खाली उतरलं नसे तवा, तो सर्र सर्र आवाज आंगनात असा पसरे, जसं वाळल्या सागपानांतून कोनी अनवानी चालून राह्यलं.

आत्या नर्स आहे, अन् मी शिकाले तिच्याचकडे राह्यतो. एटापल्लीकडच्या गावागावांत ती आधी पायी फिरली, मंग कोनाच्या न् कोनाच्या गाडीवर मागं बसून. पन्नाशी उलटल्यावर लायसन काढलं अन् ही गाडी घेतली. चालवते अशी, का डोक्यावर पान्यानं भरला गुंड आहे अन् थेंब सांडू द्यायचा नाई.

चूक एकच झाली. गाडी ती मोहाच्या झाडाखाली उभी करे. सकाळी बोनट फुलांनं भरून जाय, आत्या आधी फुलं टोपलीत वेचे, अन् तेवढ्यात ऊन त्या गोड रसाले पत्र्यावर शिजवून टाके. डाग निघेना, त तिनं तांब्याभांड्यावानी राख अन् नारळाची शेंडी घेऊन घासलं. रंगावरचा काचेवानी थर गेला. किड्यानं खाल्लेलं सागाचं पान असते ना, तसं बोनट दिसाले लागलं.

मामाजी, म्हंजे आत्याचा नवरा, पाहून म्हने, "तुह्यानं सांभाळनं होत नाई. बुधवारी अहेरीचा मानूस येते. देऊन टाकू."

गाडी गेली असती त आत्या पुन्हा नाक्यावर, दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहात. तिनं ओढनी कमरेले बांधली, अन् मोबाईलवर पाहून पाहून स्वतःच कामाले लागली.

तिचा हात पाहाले पायजे होता. दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पान्यात भिजवून ती असा फिरवे, जसं जखमेच्या कडंनं कापूस. जुना थर कुठी संपते अन् रंग कुठी लागते, ते डोळे मिटून बोटानं चाचपे. मंग आजूबाजूले रद्दीचे कागद अन् टेप, धूळ उडू नाई म्हून आंगनात पान्याचा शिंपडा, तोंडाले मास्क. वारा सुटायच्या आधी फवाऱ्याच्या डब्यातून लॅकरचा, म्हंजे त्या काचेवानी थराचा, पहिला हात उडाला, धुक्यावानी हलका. मी मामाजीच्या आवाजात म्हनलं, "तुह्यानं होत नाई." मास्कमधून हसली.

सोमवारी दुसऱ्या हाताले घाई झाली. लॅकरचा एक ओघळ बोनटावरून खाली आला अन् तसाच थिजला. आत्यानं डबा खाली ठेवला. "वाळू दे. मंग घासून पुन्हा मारन. पन बुधवार नाई पुरत बाबू," म्हने, अन् घरात गेली. मी मामाजीचा फोन घेतला, गळ्यात त्याहीची खरखर भरली, अन् अहेरीच्या मानसाले सांगतलं, "बुधवारी नका येऊ भाऊ, गुरुवारी या." घरात सांगतलं, त्या मानसाचाच फोन आलता, गुरुवारी येतो म्हने.

गुरुवारी सकाळी रबिंग पॉलिशचा शेवटचा फडका फिरला, अन् बोनटात मोहाची नवी तांबडी पालवी हलाले लागली. त्या लाल आरशात मले आत्याच्या पायाखालून गेलेल्या साऱ्या वाटा दिसल्या. तिच्या पायपिटीचे ते सारे वर्षं कोनी पाह्यले नव्हते, अन् आता ते असे उन्हात चकाकून राह्यले होते. अहेरीच्या मानसानं गाडीले दोन चकरा मारल्या. "घेतली," म्हने.

मामाजी बोनटात वाकून मिशा पाहून राह्यले होते. लय वेळ वाकूनच राह्यले. मंग सरळ होऊन म्हने, "नाई द्यायची. बाईची गाडी आहे."

"मंग फोन करून गुरुवारी काऊन बोलावलं?" तो मानूस म्हने.

"कोनं, मी?"

मी कोंबड्यांकडे पाहाले लागलो. तो मानूस गेला, मामाजी हसत हसत चहा मांडाले गेले. मले वाटलं, सुटलो. आत्यानं हातातला फडका पिळला, पिळतच राह्यली.

"सोमवारी अजून एक दिवस मी मांगाले जाऊनच राह्यलती त्याहीले. साऱ्या जन्मात कधी नाई मांगितला, त्या दिवशी मांगनार होती. आंघोळ करून मांगन म्हनलं, त येऊन पाहाते त दिवस आपोआपच भेटला. बोनट मी घासलं, ओघळ मी काढला, अन् माह्या नवऱ्यासंग बोलाची बारी आली त तू बोलला, तेही त्याहीच्याच आवाजात. मले तोंड नाई का रे?"