परातीतलं कोलेस्टरॉल

"निघालं! निघालं! बघा, कसं लोण्यावानी निघून राहिलं!"

लातूरकडच्या मुरुडच्या अलीकडं, रस्त्याला लागून असलेल्या त्या पत्र्याच्या शेडात दर गुरुवारी ही आरोळी उठायची आणि मागच्या बायका टाचा उंचावून पुढच्यांच्या खांद्यांवरून डोकावायच्या. पुढं पाटावर एक उघडाबंब माणूस. मांडीवर पितळी परात, छातीला पिवळा लेप चोळलेला. त्याची बायको तांब्यानं छातीवर पाणी ओतायची, आणि परातीत उतरलेल्या पाण्यावर फुटलेल्या दुधासारखे पांढरट, चिकट गोळे तरंगायचे.

"हेच ते कोलेस्टरॉल!" मृत्युंजय महाराज दोन बोटांत एक गोळा धरून गर्दीला दाखवायचे. "डॉक्टर तुमाला काय दाखवतो? कागद! कागदावर काय? आकडा! आता सांगा, आकडा कुणी रक्तात पोहताना बघितलाय? आपल्याकडं कागद न्हाई, परात हाय. बोला, कागद खरा का परात खरी?"

"परात!" तीनशे माणसं एका आवाजात ओरडायची.

रक्तातली चरबी कातडीतून बाहेर येते आणि छातीवर साधा ओरखडाही उठत नाही, हे कसं, असं त्या तीनशेंत एकालाही विचारावंसं वाटत नव्हतं. त्यात दोन मास्तर होते, एक ग्रामसेवक होता. काय म्हणावं!

इलाज पाच गुरुवारांचा. पाणी घरच्या बोरचं आणायचं, कारण 'घरच्या पाण्याला घरचा रोग ओळखू येतो.' पहिल्या गुरुवारी चारही तांबे घरचे. दुसऱ्याला तीन घरचे, एक मठाच्या तीर्थाचा. असं घरचं कमी आणि तीर्थ जास्त. गोळेही तसेच दर खेपेला कमी होत जायचे. पाचव्या गुरुवारी नुसतं तीर्थ. गोळा एकही नाही, उलट छातीवर पांढराशुभ्र फेस. "काळीज हसून राहिलं!" म्हणून महाराज रोग्याच्या गळ्यात हार घालायचे आणि त्याच्या गोळ्यांची पाकिटं सगळ्यांदेखत होमात टाकायचे.

नियम दोनच. पहिला, पहिल्या गुरुवारपासून दवाखान्याच्या गोळ्या बंद. "गोळी आन् लेप सवती हायत, एका अंगात नांदत न्हाईत." दुसरा, घरात कुणी शंका घ्यायची नाही. शंका घेतली की इलाज उलटतो आणि माणूस जातो. पुरावा म्हणून ते शेवटच्या रांगेत बसलेल्या गुणाबाईकडं बोट दाखवायचे. तिचा नवरा शंकरप्पा, पाच गुरुवार पुरे केलेला, गळ्यात हार पडलेला माणूस, दोन महिन्यांत बांधावर कोसळून गेला होता. "हिनं शंका घेतली हुती. इचारा तिला." गुणाबाई मान खाली घालून बसायची. ती दर गुरुवारी येऊन शेड झाडायची, प्रायश्चित्त म्हणून.

आता सांगा, ह्याच्यातून सुटायला वाट कुठं होती? माणूस जगला तर महाराजांमुळं. मेला तर बायकोमुळं.

अयोध्या नेमकी ह्यातच अडकली होती.

तिचा नवरा शेषेराव बावन्न वर्षांचा, अंगानं दांडगा. मागच्या दिवाळीत छातीत कळ आली, लातूरला नेऊन स्टेंट टाकला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, जन्मभर. तो शब्द शेषेरावाला लागला. "जन्मभर? म्हंजे मी आता जन्माचा रोगी?" असं तो येईल त्याला विचारायचा. महाराज पाच गुरुवारांत मोकळं करतो म्हणाले, तेव्हा हा गडी उडी मारून पाटावर जाऊन बसला. सासूबाई मंजुळाबाईंना तर आकाश ठेंगणं झालं.

दुसऱ्या गुरुवारनंतर शेषेराव गोठ्याकडं जाताना मध्येच थांबायला लागला. वाटेतल्या लिंबाला हात टेकायचा, दम घ्यायचा, डावा खांदा चोळायचा.

"आवं, दवाखान्यात जाऊ या का?" अयोध्या म्हणाली.

"येडी हायस का? मेद सुटून राहिलाय. सुटताना दुखतंच की."

अयोध्येनं मग बायकांना सुचतं तेच केलं. गोळी बारीक करून पिठल्यात घातली. मंजुळाबाईंनी तिला पाट्याखाली रिकामं पाकीट लपवताना धरलं. घरात जो कल्ला झाला तो झाला, पण शेवटी सासूनं तिचा हात ओढून शेषेरावाच्या डोक्यावर ठेवला. "घे शपथ. पुन्हा शंका घेणार न्हाई म्हन. माझ्या लेकराचं काही झालं तर तुझ्यामुळं हुईल, ध्यानात ठेव."

अयोध्येनं शपथ घेतली. आणि खोटं कशाला सांगा, तिला भीतीही वाटली. सातवी शिकलेली बाई. महाराज खोटे असतील असं मन म्हणायचं, आणि खरे असले तर, असंही तेच मन म्हणायचं. शेडात तीनशे माणसं. घरात सासूचा डोळा तिच्या हातावर. माहेरी फोन केला तर भाऊ म्हणाला, "आक्का, तुमच्या घरचं तुम्ही बघा." बोललं तर नवरा मरेल, नाही बोललं तरी मरेल.

बाजाराच्या दिवशी भाजीचं निमित्त काढून ती मुरुडला डॉक्टर संगमेश्वरांकडं गेली. शेषेराव त्यांच्याकडंच दाखवायला जायचा.

"गोळ्या बंद?" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "किती दिवस?"

"वीस झाले."

डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. मग म्हणाले, "ताई, तुमच्याकडं ठिबक हाय ना? नळीत क्षार साचतो, पाणी कमी होतं. काळजाच्या नळ्यांचं तसंच. कोलेस्टरॉल काही विष नाही. आपलं लिव्हरच ते बनवतं, शरीराला ते लागतं. पण रक्तात जास्त झालं की नळ्यांच्या भिंतीत साचतं. ते छातीच्या कातडीतून गळत नाही, कुणाच्या बापानं चोळलं तरी. स्टेंटनं एक जागा मोकळी केली. नवा थर चढू नये म्हणून एक गोळी, आणि स्टेंटमध्ये रक्त गोठू नये म्हणून दुसरी. ती दुसरी मधेच बंद करणं लई धोक्याचं."

"मग तुम्हीच या की सांगायला."

"मी आलो तर म्हणतील, डॉक्टरचा धंदा बुडून राहिला म्हणून आला. आणि चूक माझीही हाय. मी गोळ्या लिहून दिल्या, कशासाठी ते बसून सांगितलं नाही. काही करून त्यांना घेऊन या."

काही करून! अयोध्या एसटीत बसून रडली. डॉक्टर शहाणे होते, पण ते गोळे? ते तर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते. तिनंच तर पाणी ओतलं होतं.

चौथ्या गुरुवारनंतर बोरची मोटर जळाली. दोन दिवस नळाला टिपूस नाही. प्यायला फिल्टरचा जार होता तेवढाच. शेषेरावाच्या टॉवेलाला लेप लागून तो बरबटला होता, वास मारत होता, म्हणून अयोध्येनं जारातलं तळाशी राहिलेलं पाणी बादलीत घेतलं आणि टॉवेल बुचकळला.

फेस आला. बादलीच्या काठावरून खाली सांडेपर्यंत फेस.

अयोध्या उकिडवी बसूनच राहिली. एरवी बोरच्या पाण्यात अंघोळीचा साबण लावला तर फेस कुठला? नुसता पांढरट चिकट थर बादलीला बसतो, मोरीत गोळे अडकतात. जड पाणी ते. डाळसुद्धा त्यात धड शिजत नाही. हे तिच्या हातांना लग्नापासून माहीत होतं. मग लेप म्हणजे? साबण! हळद-कापूर घातलेला साबण! आणि तीर्थ? गेल्या गुरुवारी शेडामागं हात धुवायला गेली तेव्हा सेवेकरी निळ्या झाकणाचे जार तांब्याच्या हंड्यात रिकामे करत होते. तेव्हा तिला वाटलं होतं, महाराजांना प्यायला असतील.

"आगं माय," ती स्वतःशीच म्हणाली. "कसं गंडवून राहिलेत!"

कळलं खरं. पण सांगणार कुणाला? शपथ घातलेली. घरात तोंड उघडलं असतं तर शेषेरावानं तिलाच घरी ठेवलं असतं आणि एकटा जाऊन गळ्यात हार घालून घेतला असता. मग त्या गोळ्या कायमच्या होमात. गुरुवारपर्यंत ती गप्प राहिली. मोटर दुरुस्त झाल्यावर तिनं बोरच्या पाण्यानं एक कॅन भरून घेतला. सासूनं विचारलं, "आज तर तीर्थच हाय, हे कशाला?" ती म्हणाली, "असू द्या, सवयीनं."

पाचवा गुरुवार. शेड खचाखच. शेषेराव पाटावर बसला, मांडीवर परात. चेहरा घामानं निथळत होता आणि उजवा हात डाव्या खांद्यावर. सेवेकऱ्यानं अयोध्येच्या हातात तीर्थाचा तांब्या दिला आणि लेपाचं भांडं पुढं ठेवलं.

अयोध्येनं तांब्या खाली ठेवला. नवऱ्याच्या मांडीवरची परात उचलली, जमिनीवर ठेवली, मूठभर लेप घेतला आणि परातीलाच चोळायला लागली.

"ताई, काय करून राहिल्या?" महाराज हसत म्हणाले.

"इलाज." तिनं कॅन उघडला आणि बोरचं पाणी ओतलं. हातानं ढवळलं. परातीत गोळेच गोळे तरंगायला लागले.

"आता सांगा महाराज, ह्या परातीला कवा झटका आला हुता?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांचा चेहरा क्षणभर उतरला, पण माणूस पक्का बिलंदर. "परातीला मागच्या रोग्यांचा मेद लागलेला असतो!"

"बरं." अयोध्येनं कॅनचं झाकण पुढं केलं. "हे घरून आणलंय." त्याला लेप, त्यात बोरचं पाणी. गोळे. धुऊन पुन्हा लेप, त्यात तीर्थ. फेस. "हे काळीज हसून न्हाई राहिलं, साबण हसून राहिलाय. बोरच्या पाण्यात साबण फाटतो, जाराच्या पाण्यात फेस येतो. तुमचं तीर्थ जाराचं हाय."

"शंका!" महाराज गरजले. "हिनं नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आन् मोडली! आता ह्याचं काही झालं तर..."

"हाव, मोडली!" अयोध्येचा आवाज चिरकला. "महिना झाला गोळ्या बंद हायत त्यांच्या. काही झालं तर त्यानं हुईल. माझ्या शंकेनं न्हाई!"

"बाहेर काढा तिला," कुणीतरी ओरडलं. दोन सेवेकरी पुढं आले. तेवढ्यात मंजुळाबाई उठल्या. आता ही सुनेच्या मुस्काटात देते असंच सगळ्यांना वाटलं. म्हातारी परातीपाशी आली, वाकली, एक गोळा चिमटीत घेऊन बोटांवर चोळला, नाकाशी धरला. कापराच्या वासाखालचा वास तिला ओळखीचा होता.

"आवं, हे तर आपल्या मोरीतलं हाय," ती म्हणाली. "चाळीस वर्सं खरवडून राहिले मी हे."

बायकांच्या बाजूनं एकदम कालवा उठला. दोन-चारजणींनी येऊन गोळे चोळून बघितले. त्या रोज मोऱ्या धुणाऱ्या बायका, त्यांना कोण फसवणार? इतके गुरुवार लांबून बघितलं होतं, हात कुणी लावला नव्हता, एवढंच. मास्तरांपैकी एकजण म्हणाला, "मला आधीपासूनच डाऊट होता." घ्या!

आणि शेवटच्या रांगेतून गुणाबाई पुढं आली. हातात केरसुणी तशीच.

"मंग... ते माझ्यामुळं न्हाई गेले?"

अयोध्येनं तिचा हात धरला. "न्हाई मावशी. तुमच्यामुळं न्हाई. त्यांच्या गोळ्या बंद केल्या हुत्या."

गुणाबाई तिथंच बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. आठ महिने ती नवऱ्यासाठी रडलीच नव्हती. आपल्याला तो हक्क नाही असं तिला वाटत होतं.

शेषेराव उठला. "चारचौघांत इज्जत घालवलीस माझी," असं काहीतरी तो म्हणाला, दोन पावलं चालला आणि थांबला. "अयोध्या, हात लई दुखून राहिला गं."

शेडाबाहेर उभ्या जीपमध्ये त्याला घातलं. डॉक्टर संगमेश्वरांनी कार्डिओग्राम काढला, तोंडात गोळ्या चघळायला दिल्या आणि त्याच पावली लातूरला धाडलं. स्टेंटच्या आतच रक्तानं गाठ धरली होती. शेषेराव वाचला, पण काळजाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. पूर्वीसारखं पोतं उचलणं आता त्याला जमत नाही. त्या पाच गुरुवारांनी एवढं नेलंच. महाराज त्या गर्दीत मागच्या दारानं गाडीत बसून गेले ते गेलेच. दुसऱ्या कुठल्या गावात, जिथलं बोरचं पाणी जड आहे, तिथं पत्र्याचं शेड उभं राहिलं असेल, दुसरं काय!

म्हणून बाबांनो, सरळ सांगतो. कोलेस्टरॉल परातीत दिसत नाही, रक्ताच्या तपासणीत दिसतं. ते वाढलं तर तळणीचं आणि डालडा कमी करा, तंबाखू सोडा, रोज चाला, भाकरी-डाळ-भाजी पोटभर खा. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. आणि त्या डॉक्टरांनाही विचारा, ही गोळी कशासाठी, किती दिवस, नाही घेतली तर काय होईल. चांगला डॉक्टर प्रश्नाला रागावत नाही. पण शंका घेतली तर तुमचा माणूस मरेल असं जो सांगतो, त्याच्यासमोरून आपल्या माणसाला दंडाला धरून उठवा आणि दवाखान्यात घेऊन जा.