पहिला चढ

वस्तादने किल्ली फिरवली आणि ती मान तिरकी करून ऐकत राहिली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. तेलाच्या दाबाचा काटा वर सरकला. वाकून तिने खाली पाहिलं. कुठे थेंब नव्हता, कुठे टकटक नव्हती. स्वतःच्या हाताने एकेक भाग खोलून, धुऊन, घासून पुन्हा बसवलेलं इंजिन होतं ते, आणि नाव ठेवायला त्यात जागा नव्हती. खोटं काम तिच्या हाताला जमलंच नसतं. सूड घ्यायचा तो हाताने नाही, जिभेने, हे ही गाडी दारात आली त्याच दिवशी तिने ठरवलं होतं.

वस्ताद हे गल्लीने ठेवलेलं नाव. बाई असून गॅरेज टाकते म्हणून आधी चेष्टेने ठेवलं. पुढे चेष्टा विरली आणि नाव राहिलं.

शेजारचा वेल्डर काळा चष्मा कपाळावर चढवून दारात आला.

"झाली वाटतं जिवंत! मग, निघायचं का चढावर?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"मालक येतोय. तशीच घेऊन जाईल."

वेल्डर बघतच राहिला. नवं बांधलेलं इंजिन वस्ताद कुणाच्या हाती कधी तसंच देत नसे. इंजिन गरम झालं की स्वतः बसून ती गाडी टेकडीच्या चढावर नेई. तिसरा गिअर टाकून दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. पिस्टनवरच्या नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घासूनच बसतात आणि घासायला जोर लागतो. सुरुवातीलाच तो मिळाला नाही तर भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात, रिंगा जन्मात बसत नाहीत आणि गाडी तेल पिऊन निळा धूर ओकते. जपणाऱ्याच्याच हातून इंजिन मरतं, पण हे लोकांच्या गळी उतरत नाही.

"एवढा कोण लागून गेला मालक?"

"माझा सख्खा भाऊ."

वेल्डरने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तो आपल्या कामाला गेला.

याच गाडीचं इंजिन तिने विशीत पहिल्यांदा बांधलं होतं, वडिलांच्या गॅरेजमध्ये. ते जोडून झालं आणि वडिलांना परगावी जावं लागलं. दादा गल्ल्यावर बसायचा. हाताला कधी तेल लावून घेतलं नाही, पण बोलण्यात पटाईत. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, ते त्याच्याकडे बघूनच. "हळू चालव गं," तो म्हणाला होता, "नवं आहे. तान्ह्या बाळासारखं जप." तिने जपलं. आठवडाभर बैलगाडीच्या चालीने गाडी फिरवली. वडील परतले तेव्हा मागून निळा धूर निघत होता. चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी तिच्या हातातला पाना काढून घेतला. "हात लावू नकोस. तुझं काम नाही हे." पुढे गॅरेज दादाकडे गेलं आणि त्याने तिथे सीटकव्हरचं दुकान थाटलं.

धूर का निघाला, ते तिला परक्याच्या गॅरेजमध्ये फरशी पुसता पुसता कळलं. त्या दिवशी ती जेवली नाही. मेकॅनिकच्या पोटी जन्मलेल्याला एवढं ठाऊक नसेल? गोड बोलून आपला काटा काढला, अशी तिची खात्री पटली. तेव्हापासून वडिलांचं ते वाक्य तिने तोंडात धरून ठेवलं होतं. दादाला त्याचाच सल्ला परत द्यायचा. काही दिवसांनी धूर सोडत तो आला की अख्ख्या गल्लीसमोर म्हणायचं, हात लावू नकोस, तुझं काम नाही हे.

दादा आला. अंगाने सुटला होता, एवढ्याशा चालण्याने त्याला धाप लागली होती. त्याने बॉनेटवर तळवा टेकला आणि डोळे मिटले.

"चिमे, आवाज ऐक. बाबांच्या हातचाच."

ती फडक्याला बोटं पुसत होती.

"दादा, एक लक्षात ठेव..."

"हळू चालवायची!" त्याने हात वर केला. "माहीत आहे गं. तान्ह्या बाळासारखी जपायची. मीच नव्हतं का तुला सांगितलं?"

फडकं थांबलं.

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? नवी वस्तू माणूस जपूनच वापरतो. नवे बूट घालून कोणी धावतं का?" तो हसला, मग जवळ सरकून हलक्या आवाजात म्हणाला, "तू काही ऐकलं नाहीस तेव्हा. दामटली असणार, वयच तसं. बाबांनी मला खोदून खोदून विचारलं, पोरीने चालवली कशी? मी म्हटलं, बाबा, अगदी हळू. मुंगीच्या पावलाने. शपथेवर खोटं बोललो तुझ्यासाठी. आजवर बोललो नाही कुणाला."

दामटली असती तर वडील दोन शिव्या देऊन विसरले असते. हळू चालवली, एवढंच कानावर पडलं, आणि पोरीला यातलं ओ की ठो कळत नाही हे त्यांनी ठरवून टाकलं. वस्तादला भावाची दया आली नाही, संताप आला. इतकी वर्षं पोटाशी धरून वाढवलेला सूड, आणि समोर उभा होता तो नुसता एक अडाणी माणूस. वर बहिणीवर उपकार केल्याच्या समाधानात.

"किल्ली दे," दादा म्हणाला. "आणखी काही सांगायचंय?"

तिने इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. ती लगेच सोडली मात्र नाही.

"नाही," ती म्हणाली, आणि बोटं सोडली.

गाडी गल्लीत उतरली. दादाने कडेकडेने, अंडी भरून नेत असल्यासारखी ती पुढे काढली. एक सायकल तिला मागे टाकून गेली. मागचा टेम्पोवाला हॉर्न देऊन देऊन थकला. गल्लीच्या तोंडाशी उजवा रस्ता चढावर जाई, डावा सपाटीने बाजाराकडे. दादाने बऱ्याच आधी डावीकडचा दिवा लावला आणि वाट मोकळी होण्याची वाट पाहत थांबला.

वेल्डर पुन्हा बाहेर आला होता. त्याने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा वस्तादच्या मुठीत पिळून निघालेल्या फडक्याकडे.

"हाक मारू का?" त्याने विचारलं.

गाडी अजून हाकेच्या अंतरावर होती.